उदाहरणातली सून

टक्कन खडू मोडला आणि स्वयंपाकघरात निवेदिताचा विळीवरचा हात थांबला.

मे महिन्यातली मंगळवारची दुपार. धारवाडातल्या मळमड्डीच्या त्या गल्लीत रिक्षासुद्धा झाडाच्या सावलीला गप उभ्या होत्या. मधल्या खोलीत पाच वर्षांची सावनी आईची जुनी ओढणी गालाखाली घेऊन झोपली होती. बाहेरच्या खोलीत दहावीला जाणारी एकोणीस मुलं माना खाली घालून लिहीत होती, आणि ती लिहीत असताना विठ्ठलरावांच्या घरात कुणी मोठ्यानं श्वास घेत नसे. सासऱ्यांचा खडू मोडतो तो फळ्यावर मधोमध रेघ जोरात ओढताना. रेघ ओढतात ती उदाहरण द्यायचं असलं की. सात वर्षांच्या संसारात निवेदिताला हे पाठ झालं होतं.

"लिहा," बाहेरून आवाज आला. मग एकेक शब्द सुटा करून, जणू सुपातून खडे वेचताहेत असा, "माय डॉटर-इन-लॉ यूज्ड टु टीच इन अ स्कूल."

एकोणीस पेनं कागदावरून फिरली.

"शी डज नॉट लाइक टु टीच नाउ. पूर्णविराम. म्हणा."

मुलांनी म्हटलं. शिरस्त्याप्रमाणं तीनदा, एका सुरात, पाढे म्हणावेत तसं. माझी सून पूर्वी शाळेत शिकवायची. आता तिला शिकवायला आवडत नाही. माझी सून पूर्वी शाळेत शिकवायची. आता तिला शिकवायला आवडत नाही. तिसऱ्यांदा म्हणताना कुणाचा तरी आवाज फाटला आणि दोन पोरी फिसकन हसल्या.

निवेदितानं अर्धी चिरलेली कैरी ताटलीत ठेवली. हात चिकट झाले होते, ते तिनं पदराला पुसले, आणि लोणच्याच्या कामात पदराला हात पुसू नये असं सासूबाई सांगायच्या ते आठवूनही पुन्हा पुसले. तिला एकदम रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिच्या कानशिलाशी काहीतरी गरम होऊन ठकठक वाजू लागलं.

आवडत नाही. हे तिनं कुणाला सांगितलं होतं? कधी?

विठ्ठलराव हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले त्याला आता अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून या खोलीत इंग्रजी व्याकरणाची शिकवणी. एका भिंतीलाच काळा रंग फासून फळा केलेला, खाली जाजम, कोपऱ्यात त्यांची वेताची खुर्ची. गाइड त्यांनी कधी हातात धरलं नाही. गाइडातले जॉन आणि मेरी धारवाडच्या पोरांच्या डोक्यात शिरत नाहीत, घरातलं, गल्लीतलं माणूस शिरतं, हे त्यांचं ठाम मत, आणि ते खोटंही नव्हतं. भूतकाळातल्या सवयींचा धडा आला की फळ्याचे दोन भाग. डावीकडे पूर्वी लोक काय काय करायचे. उजवीकडे पूर्वी ते कसे होते, त्यांना काय आवडायचं, काय नव्हतं आवडत. 'वुड' हा शब्द डावीकडच्या घरात चालतो, उजवीकडच्या घरात त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, असं ते सांगत, आणि मुलं हसत, आणि विसरत नसत.

त्या फळ्यावर निम्मी मळमड्डी येऊन गेली होती. समोरचे शेषगिरी, पोस्टातून निवृत्त झालेले, तंबाखू सोडली असं बायकोला सांगून परसात लपून खायचे. विठ्ठलरावांनी एका मे महिन्यात त्यांचं वाक्य दिलं: शेषगिरी पूर्वी तंबाखू खायचे, आता खात नाहीत. झालं. गल्लीतली पोरं त्यांच्या हातात डबी दिसली की तेच वाक्य इंग्रजीत ओरडायची. पंधरा दिवसांत शेषगिरींनी डबी मोरीत फेकून दिली. "सरांच्या वाक्यात आलं की ते खरं करावं लागतं हो," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि निवेदिता इतरांबरोबर हसायची. सून म्हणून नव्यानं घरात आली तेव्हा तर तिला या शिकवणीचं केवढं कौतुक वाटलं होतं. ती स्वतः इंग्रजीच शिकवायची, मुलींच्या शाळेत, आठवी-नववीला. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन यायची आणि सासरे खुर्चीतून विचारायचे, आज काय तपासायला आणलंस. दोघं मिळून मुलींच्या चुकांवर हसायची. सासूबाई, कुसुमावती, मधून म्हणायच्या, घरात दोन मास्तर झाले, आता जेवण कोण करणार.

मग कुसुमावतींना पक्षाघात झाला. सावनी दोन वर्षांची होती. निवेदितानं शाळेत रजा मागितली, मग आणखी रजा, मग राजीनामा. चौदा महिने, त्या जाईपर्यंत, तिनं सासूबाईंना कूस वळवून दिली, भरवलं, धुतलं. तिसऱ्या महिन्यात विठ्ठलराव एकदा दारात उभे राहून म्हणाले होते, हे सगळं झालं की तू परत जा, मी स्वतः हेमावतीशी बोलेन. निवेदितानं ते वाक्य कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. वहीत लिहिलेलंच टिकतं हे तेव्हा तिला कळलं नाही.

हेमावती म्हणजे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका. विठ्ठलरावांच्याच एके काळच्या विद्यार्थिनी. तीन आठवड्यांपूर्वी भाजीबाजारात त्यांनी निवेदिताला थांबवून, कोथिंबिरीची जुडी हातात घेऊनच, सांगितलं होतं की इंग्रजीच्या एक बाई जूनपासून जाताहेत. जागा तुझी. मी वीस तारखेच्या सोमवारपर्यंत कुणाला शब्द देत नाही. घरी विचारून सांग. कानडीत बोलल्या होत्या, आणि कानडीत 'तुझी' म्हणताना त्यांनी तिच्या मनगटावर हात ठेवला होता. त्या दिवशी निवेदिता घरी कशी आली ते तिला आठवत नव्हतं. सावनीला उचलून तिनं दोन गिरक्या घेतल्या आणि सावनी म्हणाली, आई, भाजी सांडली.

घरी विचारलं. विठ्ठलराव म्हणाले, बघू. नवरा, प्रभंजन, हुबळीला बँकेत जायचा, साडेसातच्या बसनं यायचा, तो म्हणाला, अप्पा काय म्हणतात ते बघ. अप्पा बघू म्हणतात असं तिनं सांगितलं. मग बघू की, तो म्हणाला. असे तीन आठवडे सगळे बघत होते.

आणि आता हे.

चहाच्या वेळी, मुलं गेल्यावर, तिनं कप त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला आणि तिथंच उभी राहिली. विचारताना आवाज नीट ठेवायचा असं ठरवलं होतं, तो राहिला. अप्पा, ते वाक्य तुम्ही का दिलंत.

विठ्ठलरावांनी चहावर फुंकर घातली.

"अगं, उदाहरण होतं नुसतं."

एवढंच. ती म्हणाली, मला आवडत नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, पूर्वी आणि आता यातला फरक दाखवायला दुसरं वाक्य लागतंच, त्याशिवाय धडा पुरा होत नाही, तू शिकवलेलं आहेस, तुला मी काय सांगायचं. आणि कप परत दिला. साखर जास्त झाली होती म्हणाले.

रात्रीचं जेवण वाढताना तिनं प्रभंजनला सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, मी लहान असताना दर उन्हाळ्यात त्या फळ्यावर असायचो, प्रभंजन पूर्वी अंथरूण ओलं करायचा, आता करत नाही. सगळ्या गल्लीला पाठ होतं. अप्पांची वाक्यं अंगाला लावून घ्यायची नसतात.

"ते तुमचं खरं होतं," निवेदिता म्हणाली.

"काय?"

"तुम्ही अंथरूण ओलं करत होतात आणि मग करायचे थांबलात. तुमचं वाक्य खरं होतं. माझं खोटं आहे."

तो भात कालवू लागला. मग आमटी छान झाली आहे म्हणाला. निवेदितानं त्याच्या पानात आणखी आमटी वाढली, इतकी की भाताचं बेट झालं, आणि आत निघून गेली.

बुधवारी मुलांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, कारण धड्याची उजळणी होती. गुरुवारी शेषगिरी फाटकाशी भेटले तेव्हा म्हणाले, काय, तुमचाही नंबर लागला म्हणायचा. आता सुटका नाही हं. चांगल्या मनानं म्हणाले. निवेदिताही हसली, आणि घरात येऊन त्या हसण्याचा तिला इतका संताप आला की सावनीची वेणी घालताना तिच्या हातून केस ओढले गेले. सावनी कळवळली नाही. नुसती डोळे मोठे करून आरशातून आईकडे बघत राहिली. निवेदितानं तिचं डोकं छातीशी धरलं, केसांना पावडरचा आणि उन्हाचा वास होता, आणि मनात म्हणाली, हे ऐकून ऐकून उद्या तूही म्हणशील, आईला आवडत नाही. तुझ्या डोक्यात तर हे पहिलंच इंग्रजी वाक्य जाऊन बसायचं.

शुक्रवारी दुपारी सावनी झोपल्यावर तिनं अर्ज लिहिला. कोरा कागद, सरळ रेघ, शाळेतल्यासारखं वळणदार अक्षर. शनिवारी सकाळी सावनीला शेषगिरींच्या बायकोकडे, अंबूताईंकडे, सोडलं आणि रिक्षा केली.

शाळेत प्रवेशाची गर्दी होती. फाटकापासून ऑफिसपर्यंत पालक रांगेत. शिपायानं ओळखलं, अक्का बऱ्याच दिवसांनी, म्हणत थेट आत सोडलं. तेच कपाट, तोच खिडकीतला वाळ्याचा पडदा, पाण्याच्या माठावर तीच चेपलेली झाकणी. निवेदिताला वाटलं, आपण कालच इथून गेलो होतो. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, मॅडम, सोमवारची वाट बघितली नाही.

हेमावतींनी चष्मा वर केला. अर्ज वाचला. मग तिच्याकडे बघितलं.

त्या म्हणाल्या, पण तुमच्याकडून नकार आला की. निवेदिता म्हणाली, कुणाकडून? सरांकडून, त्या म्हणाल्या.

निवेदिताला कळेना. त्यांनी फोन केला होता? चिठ्ठी पाठवली? हेमावतींनी मान हलवली. मग थोडं ओशाळून, जणू आपणच काही चोरून वाचलं असावं तसं, सांगू लागल्या. त्यांची मुलगी अक्षता सरांच्या शिकवणीला जायची. मुलीची वही त्या रोज संध्याकाळी बघायच्या, एक दिवस चुकवायच्या नाहीत, आणि हे सरांना ठाऊक होतं, कारण मीच सांगितलं होतं म्हणाल्या. मंगळवारी वही उघडली तर हे वाक्य. आधी वाटलं, उदाहरण असेल. मग दुसरी ओळ वाचली. तेव्हा कळलं, सर सांगताहेत. समोरासमोर नाही म्हटलं तर तिला वाईट वाटेल, मलाही अवघड होईल, म्हणून वहीतून सांगताहेत.

"सरांची ती पद्धतच आहे की. मी नववीत असताना फळ्यावर वाक्य आलं, हेमावती पूर्वी उशिरा यायची, आता वेळेवर येते. मी तोवर उशिराच यायचे. दुसऱ्या दिवसापासून वेळेवर गेले. सर तोंडानं एक शब्द बोलले नाहीत."

त्यांच्या चेहऱ्यावर एवढ्या वर्षांनंतरही त्या आठवणीचं कौतुक होतं. निवेदिताला त्या कौतुकाचीच चीड आली. तिनं विचारलं, मग आता? हेमावती म्हणाल्या, हुबळीच्या विद्यानगरमधल्या एका मुलीला तोंडी सांगून ठेवलं आहे. पत्र सोमवारी टाइप व्हायचं आहे. अजून गेलेलं नाही. सरांकडून एक शब्द आला तर मी त्या मुलीला आजच्या आज सांगेन, तिला दुसरीकडेही बोलावणं आहे.

"मी आलेय ना मॅडम. अर्ज माझा आहे. शब्द माझा आहे."

"तुझा आहेच गं," हेमावती हळू म्हणाल्या. "पण उद्या त्यांनी म्हटलं, मी लिहून दिलं होतं तरी हेमावतीनं माझ्या सुनेला घराबाहेर काढलं, तर मी कुठं तोंड दाखवू? त्यांच्या हाताखाली शिकले आहे मी."

निवेदितानं अर्ज परत घेतला नाही. तो तिथंच पेपरवेटखाली ठेवून ती बाहेर पडली. रिक्षा केली नाही. ऊन डोक्यावर होतं, डांबर पायाखाली मऊ झालं होतं, आणि ती चालत सुटली. प्रत्येक पावलाला एक वाक्य. चौदा महिने कूस वळवली. म्हणालात, मी स्वतः बोलेन. बोललात. वहीतून बोललात. समोर बोलला असतात तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित ऐकलंही असतं. पण तुम्ही मला असं गाठलंत की मी भांडायला गेले तर म्हणायचं, उदाहरण होतं नुसतं. कुणाला दाखवायचं, आणि काय म्हणून? एकोणीस मुलांच्या तोंडून मला नापसंत करवलंत, आणि मी कैरी चिरत ऐकत होते.

घरी पोचली तेव्हा दीड वाजला होता. सावनीला अंबूताईंकडून आणलं, भरवलं, झोपवलं. सावनी झोपताना म्हणाली, तुझा हात गरम आहे. निवेदितानं तो काढून घेतला आणि ओढणी पुढं केली.

तीनला मुलं आली. चपलांचा ढीग, कुजबूज, मग शांतता. आज नवा धडा होता. निवेदिता दारात उभी राहिली. एरवी शिकवणीच्या वेळात ती बाहेरच्या खोलीत पाऊल टाकत नसे.

आधी तिनं मागितलंच. अगदी हळू, त्यांच्या खुर्चीशी वाकून, मुलांना ऐकू जाणार नाही असं. अप्पा, हेमावती मॅडमना एक फोन करा. तुम्ही होय म्हणा, एवढंच पुरे. जागा अजून आहे.

विठ्ठलरावांनी घड्याळाकडं बघितलं. म्हणाले, वर्ग चालू आहे.

"दोन मिनिटांचं काम आहे."

ते म्हणाले, आपण संध्याकाळी बघू. घरात पोर आहे, माझं हे असं वय, दुपारी घर उघडं टाकून तू कुठं जाणार, कुसुम असती तर गोष्ट वेगळी होती. सगळं समजावणीच्या स्वरात. आवाजात ओलावासुद्धा होता. आणि त्या ओलाव्यानंच निवेदिताचा उरलासुरला आवर सुटला. ती सरळ उभी राहिली.

"अक्षताच्या आई वही बघतात, हे तुम्हाला माहीत होतं?"

आता ती हळू बोलत नव्हती. मुलांची पेनं थांबली. पहिल्या रांगेतली अक्षता, दोन वेण्या, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली वही, आधी सरांकडे, मग अक्काकडे, मग वहीकडे बघू लागली.

विठ्ठलराव फळ्याकडं बघत म्हणाले, "चांगली सवय आहे. सगळ्या आयांनी बघावी."

निवेदिताला जे हवं होतं ते मिळालं होतं. आता तिच्या मनात काही शंका उरली नव्हती, आणि शंका नसण्यानं ती आश्चर्य वाटावं इतकी शांत झाली. तिनं खुर्चीशेजारच्या डब्यातलं लाल पेन उचललं.

"सगळ्यांनी वह्या द्या," ती म्हणाली. "मंगळवारचं पान उघडून."

मुलांनी सरांकडं बघितलं. मग अक्षतानं पहिली वही पुढं केली आणि मागून बाकीच्या आल्या. निवेदिता जाजमावर भिंतीला टेकून बसली, मांडीवर गठ्ठा, तीन वर्षांपूर्वी बसायची तशीच. अक्षताची बाजूला ठेवून उघडलेल्या पहिल्या वहीत तिचं वाक्य होतं. सुबक, गोल अक्षर. पहिल्या ओळीला तिनं बरोबरची खूण केली. दुसऱ्या ओळीवर एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कागद मागून उठावा अशी. वर लिहिलं, शी लाइक्स टु टीच. शेजारी समासात तारीख आणि सही.

"त्यांच्या वह्या आहेत," विठ्ठलराव म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "घरातलं भांडण पोरांच्या वह्यांत आणू नकोस."

"तुम्हीच आणलंत, अप्पा. मी तपासतेय फक्त."

"त्या वाक्यात चूक काय आहे? मला दाखव. क्रियापद चुकलं? काळ चुकला?"

"व्याकरण सगळं बरोबर आहे," ती दुसरी वही उघडत म्हणाली. "बाई खोटी आहे. अशी कुणी बाई या घरात राहत नाही."

दुसरी वही. तिसरी. चौथ्या वहीत मुलानं 'डॉटर' चुकवलं होतं, तेही तिनं दुरुस्त केलं, हाताला सवय होती. एका पोरानं हात वर केला. काळासावळा, शेवटच्या रांगेतला, मिसरूड फुटू लागलेला. भीत भीत म्हणाला, "अक्का, परीक्षेत यातलं कुठलं लिहायचं?"

"माझं लिही."

कुणी हसलं नाही. हसायला हवं होतं असं तिला वाटलं, नेहमी हसायची ही मुलं.

विठ्ठलराव खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, घातला, पुन्हा काढला. अकरा वर्षांत या खोलीत लाल पेन दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं. तिला ते दिसत होतं. त्यांच्या मानेवरची सैल कातडी, सदऱ्याचं वरचं बटण सासूबाई गेल्यापासून चुकीच्या काजात लावलेलं. ते बटण तिनं कितीदा तरी न बोलता नीट केलं होतं. आजही दिसलं, आणि तिनं पुढची वही उघडली.

सर्वांत शेवटी तिनं अक्षताची वही घेतली. ती मुद्दाम बाजूला ठेवली होती. रेघ ओढली, वर आपलं वाक्य लिहिलं. मग पानाच्या तळाला, जागा होती तेवढ्यात, कानडीत लिहिलं: मॅडम, याच वहीतून तुम्हाला नकार आला, म्हणून याच वहीतून होकार देते आहे. हा माझा आहे. सोमवारी दहाला येईन. पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं आणि सासरचं दोन्ही.

वही हातात देताना तिनं अक्षताला सांगितलं, आईला आज दाखव. विसरू नकोस. अक्षता म्हणाली, आई विसरू देत नाही अक्का.

मग निवेदितानं वही विठ्ठलरावांच्या समोर धरली. त्यांना दाखवल्याशिवाय तिला ती पाठवायची नव्हती. त्यांनी केलं होतं तसं तिला करायचं नव्हतं. त्यांनी वाचलं. कानडी वाचायला त्यांना चष्मा लागला. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला. त्यांनी वही अक्षताच्या हातात परत दिली, खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन उठले, आणि मुलांकडे न बघता आतल्या, कुसुमावतींच्या खोलीत गेले. दार लोटलं. कडी लावली नाही.

घड्याळात चारला दहा कमी होते. मुलं बसून राहिली होती. वर्ग कधीच वेळेआधी सुटला नव्हता, त्यामुळं उठायचं कसं हे कुणाला सुचत नव्हतं.

"साकु, पुरे," निवेदिता कानडी-मराठीत म्हणाली. "आज एवढंच. जा."

ती गेली, एकमेकांना ढकलत, पण आवाज न करता. फाटकाबाहेर गेल्यावर त्यांचा गलका एकदम फुटला, आणि त्यात कुणीतरी तिचं नवं वाक्य म्हणून बघितलं, मग दुसऱ्यानं, मग ते गल्लीच्या टोकाकडे जात जात विरलं. निवेदिताला वाटलं होतं, आता बरं वाटेल. तिनं वाट बघितली. मनगट दुखत होतं. अंगठ्याला आणि तर्जनीला लाल शाई लागली होती. राग तसाच होता, फक्त आता त्याला कुणी समोर नव्हतं.

मधल्या दारात सावनी उभी होती. कधी उठली, किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. ओढणी जमिनीवरून ओढत आली होती, एका गालावर उशीची घडी उमटलेली. तिनं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं, मग लोटलेल्या दाराकडं, मग आईच्या हातातल्या पेनाकडं. ती जवळ आली आणि आईच्या लाल बोटाला आपलं बोट लावून ते उतरतंय का ते पाहिलं.

"आई," तिनं हळूच, आतल्या खोलीत ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "तू अज्जांना नापास केलंस?"